'मी अभ्यास करायले' आणि इटलीतलं 'कू मंजू'

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात मराठवाड्याच्या बोलण्यावर एका वाचकाचं पत्र आलं होतं. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तरी आपल्याकडच्या पोरांना दोन ओळी धड लिहिता येत नाहीत वगैरे वगैरे, ते सगळं सोडून देतो, ते रोजचंच आहे आणि त्यात थोडंफार खरंही असेल. पण शेवटी त्यांनी लिहिलंय की आमच्या बोलीला 'व्याकरणच नाही', ते काही पचेना. आणि योग असा बघा की त्याच दिवशी संध्याकाळी पाचवीतली पोरगी वही घेऊन दुकानात आली. 'सुट्टीचा दिवस' या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. "मी अभ्यास करायले" खाली लाल रेघ. "आजी देवळात जायली" खाली लाल रेघ. "पप्पा दुकानात पोते मोजायलेत" याला तर गोलच केलेला, आणि बाजूला बाईंनी बारीक अक्षरात 'मोजत आहेत'. पोरगी म्हणाली पप्पा यात काय चुकलं, आजी तर जायलीच होती की.

मला उत्तर येत नव्हतं असं नाही, उलट लई लांबलचक येत होतं आणि गिऱ्हाईक समोर उभं, म्हणून आता हे पत्र.

आधी माझी ओळख करून देतो. देगलूरला माझं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. त्याआधी हैदराबादला राहून भाषाशास्त्रात एम.ए. केलं, घरचे आजही विचारतात की त्या दोन वर्षांचं काय केलंस, तर आज पहिल्यांदा काहीतरी उपयोग व्हायलाय. आम्हाला तिथं क्रियापदाचं पूरक म्हणून एक भाग होता. नाव अवघड आहे पण गोष्ट साधी आहे. 'मला वाटतं' एवढं बोलून तुम्ही गप्प बसलात तर समोरचा म्हणतो, अरे काय वाटतं? ते जे 'काय' आहे, क्रियापदाचं अर्धं राहिलेलं पोट भरणारं, ते पूरक. कधी ते एक नाम असतं, कधी 'जायचं', 'करायला' असं रूप, कधी 'की' लावून अख्खं वाक्य. आणि ह्या भागात आमच्या सरांनी सगळ्यात जास्त उदाहरणं दिली ती इटलीतल्या बोलींची. मी इटलीला गेलेलो नाही, पासपोर्टसुद्धा नाही, पण त्या बोलींनी मला जेवढं देगलूर समजावून सांगितलं तेवढं कुणी सांगितलं नाही.

इटलीत 'बोली' म्हणतात ते काय प्रकरण आहे ते आधी सांगतो. सिसिली, नेपल्स, व्हेनिस इथली बोलणी म्हणजे पुस्तकी इटालियन बिघडून झालेली नाहीत. फ्लॉरेन्सकडचं तोस्काना बोलणं जसं लॅटिनमधून आलं तशीच ही पण स्वतंत्रपणे लॅटिनमधून आली, फ्लॉरेन्सचं नशीब थोर म्हणून ती भाषा झाली आणि बाकीच्या बोली राहिल्या. १८६१ ला इटली एक झाला तेव्हा शंभरात जेमतेम अडीच माणसं ती प्रमाण इटालियन बोलू शकत होती असा तुल्लिओ दे माउरो या अभ्यासकाचा गाजलेला अंदाज आहे. म्हणजे उरलेले साडेसत्त्याण्णव टक्के लोक काय बिनव्याकरणाचे बोलत होते का?

आता नकाशातला तो बूट डोळ्यासमोर आणा. बुटाच्या टाचेत सालेंतो नावाचा भाग आहे, लेच्चे हे तिथलं मोठं शहर. पुस्तकी इटालियनमध्ये 'मला खायचंय' हे 'वोल्यो मंजारे' असं होतं (मांजराचा काही संबंध नाही). 'वोल्यो' म्हणजे मला पाहिजे, 'मंजारे' म्हणजे खाणं. आपल्यासारखंच झालं, इच्छेच्या क्रियापदाला एक साधं रूप जोडलं, माणूस कोण ते एकदाच सांगितलं. पण टाचेतला म्हातारा म्हणतो 'ओग्यू कू मंजू'. मंजू ही कुणाची पोरगी नाही, 'मंजू' म्हणजे 'मी खातो'. म्हणजे शब्दाला शब्द लावला तर 'मला पाहिजे की मी खातो'. माणूस दोनदा आला, 'मंजारे' हे रूपच गायब.

अजून पुढं बघा, खरी गंमत त्या बारक्या 'कू' मध्ये आहे. टाचेत असे दोन शब्द आहेत, 'का' आणि 'कू'. 'साच्चू का मंजा' म्हणजे तो खातो हे मला माहीत आहे. 'ओग्यू कू मंजा' म्हणजे त्यानं खावं असं मला पाहिजे. 'मंजा' दोन्हीकडं तोच, मधलं एक अक्षर बदललं की कळतं की ही घडलेली गोष्ट आहे का मनातली इच्छा. माहीत असणं, सांगणं, समजणं असल्या क्रियापदांना 'का' लागतं, पाहिजे असणं, आशा असणं यांना 'कू'. पुस्तकी इटालियनमध्ये दोन्हीकडं एकच 'के' येतं आणि बदल क्रियापदाच्या शेवटात करावा लागतो. आपणही तेच करतो, 'तो खातो' आणि 'त्यानं खावं'. म्हणजे जे ओझं आपण आणि फ्लॉरेन्सवाले क्रियापदाच्या शेपटीवर टाकतो ते टाचेतल्या लोकांनी एका टिचभर शब्दावर टाकलंय. आता सांगा, हे व्याकरण नसणं आहे का जास्तीचं असणं आहे? शाळेत मात्र तिथल्या पोरांनी 'के' एवढंच शिकायचं.

बुटाच्या चवड्याला, म्हणजे कालाब्रियाच्या दक्षिण भागात, 'कू' च्या जागी 'मू' आहे, 'वोग्यू मू मंजू', आणि समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडून सिसिलीत मेस्सिनाकडं गेलं की 'मी' (आपला 'मी' नव्हे). शब्द वेगळे पण सोंगट्या त्याच घरात. 'का' आणि 'कू' हे लॅटिनच्या 'क्विआ' आणि 'क्वोद' मधून आले आणि 'मू', 'मी' हे 'मोदो' मधून, हे तर व्याकरणाच्या पुस्तकात छापलेलंच आहे.

हे असं तिथंच का झालं यावर गेऱ्हार्ड रोल्फ्स नावाच्या जर्मन माणसानं आयुष्य घातलं. हा गडी स्वित्झर्लंडच्या याबेर्ग आणि युड या दोघांनी काढलेल्या इटलीच्या भाषा-नकाशासाठी दक्षिण इटलीत गावोगाव फिरला, शेतकरी, धनगर, सुतार यांना बसवून एकेक वाक्य विचारलं. १९२८ ते १९४० मध्ये ते नकाशे निघाले, आठ खंड, १७०५ नकाशे. त्याच्या ध्यानात आलं की जिथं 'खाणं' सारखं रूप लोक टाळतात ते दोनच तुकडे आहेत, टाच आणि चवड्याचं टोक (समोरच्या मेस्सिनासकट), आणि दोन्हीकडं आजही मूठभर गावात ग्रीक बोलतात. टाचेतल्या त्यातल्या एका गावाचं नावच कालिमेरा आहे, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सुप्रभात. आणि ग्रीकमध्ये 'मला खायचंय' कसं म्हणतात? 'थेलो ना फाओ'. पाहिजे-मला, 'ना', खातो-मी. साचा तोच! म्हणजे लोकांनी शब्द बदलले, लॅटिनचे घेतले, पण वाक्य बसवायची पद्धत जुन्या घरातली ठेवली. पुढं ग्रीक तिथं केव्हापासूनची, ख्रिस्ताच्या आधीच्या वसाहतींची का नंतरच्या बायझँटाईन काळातली, यावर इटलीतले पंडित आणि रोल्फ्स यांची कित्येक वर्षं भांडणं चालली, ती आपल्याला नकोत.

कारण आपल्याला आपलं दुकान पुरे आहे. परवा डीएपी खताची गाडी यायची होती, ड्रायव्हरचा फोन आला तो स्पीकरवर होता, येतो म्हणाला आणि बंद. काऊंटरला चार गिऱ्हाईकं. हणेगावचा मागं वळून आपल्या भावाला म्हणाला, "येतो म्हणून सांगितलाय." मदनूरचा तेलुगूत बायकोला फोनवर म्हणाला, "वस्ता अनि चेप्पिंडु." औरादकडचा कानडी अण्णा, "बर्तीनि अंत हेळ्यान." आणि आमच्याच गल्लीतले चाचा, "आतूं बोलके बोल्या." चार भाषा, आणि वाक्य एकच! आधी ड्रायव्हरचं बोलणं जसंच्या तसं, 'येतो-मी', मग 'म्हणून', 'अनि', 'अंत', 'बोलके', या चारींचा मूळ अर्थ 'असं बोलून', आणि शेवटी सांगितलं. एकानंही 'त्यानं सांगितलं की तो येत आहे' असं केलं नाही. चाचांची भाषा तर उर्दूच, जिच्यात 'बोला कि आता हूँ' असं 'कि' लावून म्हणायची सोय आहे, पण दख्खनमध्ये राहून 'बोलके' आलं. पुण्याकडं 'म्हणून' नाही असं नाही, तिकडंही बोलताना चालतं, फक्त लिहायला बसलं की 'की' पुढं येऊन बसतो. आणि तो 'की' तरी कुठला, फारशीतून आलाय असं सांगतात. मग पाहुणा कोण आणि घरचा कोण?

निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत आणि नंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आपण या तिन्ही भाषांच्या संगतीत राहिलो, एकाच बाजारात, एकाच कचेरीत. त्याचा परिणाम होणारच. आणि हे मी मनानं सांगत नाही, सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर गम्पर्झ आणि विल्सन या भाषेच्या अभ्यासकांनी १९७१ ला लेख लिहिलाय, तिथं मराठी, कानडी, उर्दू (आणि थोडी तेलुगू) बोलणाऱ्यांची वाक्यं इतकी एका साच्यात आलेली की शब्द बदलला की भाषा बदलते, बाकी सगळं तसंच. तो लेख जगभर शिकवतात. कुपवाडचं ते शास्त्र आणि देगलूरचं अशुद्ध, हे गणित मला काही सुटलं नाही.

आता पोरीच्या वहीकडं येतो. 'मी करायले', 'तो जायलाय', 'पप्पा मोजायलेत'. पुण्याच्या माणसाला 'करायला' म्हणजे 'करण्यासाठी' वाटतं, म्हणून त्याला 'मी अभ्यास करायले' ऐकलं की वाक्य अर्धवट सुटल्यासारखं होतं, करायला काय? बसले? गेले? पण आमच्याकडं माझ्या समजुतीप्रमाणे 'करायला लागले' हे बोलून बोलून घासलं आणि मधलं 'लाग' गळून पडलं, शेपूट राहिली ती 'करायला' ला येऊन चिकटली. करायलो, करायले, करायलास, करायलाय, करायलेत, माणूस कोण, बाई का बाप्या, एक का अनेक, सगळं त्या शेपटीत आहे. सालेंतोत 'मी खात आहे' ला पुस्तकी 'स्तो मंजांदो' म्हणत नाहीत, 'स्ता मंजू' म्हणतात. तिथं 'स्ता' सगळ्यांना एकच, गोठून गेलेला, आणि माणसाची खूण मुख्य क्रियापदावर. दोन टोकं वेगळी आहेत पण धंदा तोच, दोन क्रियापदांच्या जोडीतलं एक झिजतं आणि दुसऱ्यावर सगळा भार येतो.

आणि नियम आहेत हो, वाटेल तिथं चालत नाही. सिसिलीत मार्साला नावाच्या गावाकडं म्हणतात 'वायू अ पिग्यू उ पानी', जातो-मी आणि घेतो-मी ब्रेड ('पानी' म्हणजे ब्रेड, पाणी नाही), म्हणजे ब्रेड आणायला जातो. मी, तू, तो, ते यांना हे चालतं पण आम्ही आणि तुम्ही आले की बंद, तिथं दुसरं क्रियापद साध्या रूपातच घ्यावं लागतं. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, उलट शाळेत मारच बसत असेल, तरी लेकरू चुकत नाही. आमच्याकडंही बघा, 'पाऊस यायलाय', 'आजी जायली' हे म्हणतील, पण 'वही कपाटात असायली' असं देगलूरचं शेंबडं पोरगंसुद्धा म्हणणार नाही. कुणी सांगितलं त्याला की चालू असलेल्या कामालाच हे लागतं? कुणीच नाही. पत्रलेखक साहेब, हेच व्याकरण असतं.

उत्तरेकडच्या बोलींचंही लई आहे पण पेपरात जागा नाही, एकच सांगतो. व्हेनिसकडं 'कोण येतंय माहीत नाही' हे 'नो सो की के व्येन' असं म्हणतात, 'की' म्हणजे कोण आणि 'के' म्हणजे आपला 'की', दोन्ही एकाला एक लावून. आमची आजी 'कोन की आलंय बाई' म्हणते तेव्हा मला व्हेनिसच आठवतं.

सगळ्यात मजा वाटते ती या पुढच्या वाक्याची. दक्षिण इटलीत गाडी चिखलात माखली की लोक म्हणतात 'ला माकिना वोले लवाता', सरळ अर्थ 'गाडीला धुतलेलं पाहिजे'. सार्डिनियातही असंच आहे. इटालियन शिकवणारे मास्तर याला दक्षिणेतली चूक म्हणून लाल करतात, कारण पुस्तकात 'धुतली गेली पाहिजे' अशा अर्थाचं लांबडं लिहायचं असतं. आणि आपण काय म्हणतो? 'गाडी धुतली पाहिजे.' बाई म्हणतात, संपादक म्हणतात, मंत्रालयातल्या परिपत्रकात 'कार्यवाही केली पाहिजे' असं छापतात. 'पाहिजे' हे मुळात 'पाहणे' चं जुनं कर्मणी रूप, त्याच्या पुढं भूतकाळी रूप, हुबेहूब तो साचा. म्हणजे जे वाक्य तिकडच्या मास्तरला गावंढळ वाटतं ते आपल्या बाईंच्या लेखी एकदम शुद्ध! तसंच 'मारियाला बोलाव' मधलं 'ला'. नेपल्समध्ये माणूस असला की असंच एक 'आ' लावतात, 'मारियाला बघितलं', आणि झाड असलं की लावत नाहीत, अगदी आपल्यासारखं. पुस्तकी इटालियनमध्ये ते चूक. आपल्या शुद्धलेखनाच्या पुस्तकात मात्र 'ला' नाही लावला तर चूक. तर ही लाल रेघ व्याकरणावरून पडत नाही, राजधानी कुठं आहे त्यावरून पडते.

बाईंना मी दोष देत नाही, त्यांना अभ्यासक्रम आहे, पोरीला परीक्षेत 'करत आहे' लिहावंच लागेल आणि तिनं ते शिकावं, मीपण शिकलोय. माझं म्हणणं एवढंच आहे की रेघ मारताना 'चूक' म्हणू नका, 'लिहिताना असं लिहितात' म्हणा. दोन शब्दांचा फरक आहे पण पोरगी आता घरी बोलताना मधेच थांबायली, आजीसमोर 'जात आहे' म्हणायली, आणि आजी म्हणती ही काय पेपर वाचायली का.

एक मागणंपण आहे. इटलीत पादुआ विद्यापीठाच्या अभ्यासकांनी आधी उत्तर इटली आणि मग बाकीच्या बोलींच्या वाक्यरचनेचा नकाशा-संग्रह करायला घेतला, पद्धत साधी, प्रमाण इटालियनमधली वाक्यं द्यायची आणि विचारायचं, तुमच्या गावात हे कसं म्हणता. आपल्याकडंही डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर बोलींचं सर्वेक्षण केलंय, चांगलं काम आहे, नेटवर बघायला मिळतं. ग्रियर्सननं केलेल्या भारतातल्या भाषांच्या पाहणीच्या १९०५ च्या मराठी खंडानंतर एवढी वाट बघावी लागली. पण पेपर दर तालुक्यात जातो. तुम्ही रविवारच्या पुरवणीत चार ओळींची जागा द्या, आठवड्याला एक वाक्य छापा आणि वाचकांना विचारा, तुमच्याकडं काय म्हणता. उदगीर, निलंगा, उमरगा कानडीच्या कडेला, बिलोली, धर्माबाद तेलुगूच्या कडेला, पैठण, भोकरदन एकदम दुसऱ्या टोकाला, 'तो' च्या पुढं 'नं' कुठं गळतं, 'त्यानं सांगितलं' चं 'तो सांगितला' कुठपासून होतं, 'करायलाय' कुठं संपतं आणि 'करतोय' कुठं सुरू होतं, हे सहा महिन्यात कागदावर येईल, आणि त्याला रोल्फ्ससारखं गावोगाव फिरायची गरज नाही, व्हॉट्सअॅप आहे.

पहिलं वाक्य मीच देतो. पुस्तकी: 'आई सांगत आहे की पाऊस येत आहे, छत्री घेऊन जा.' देगलूरचं: 'पाऊस यायलाय, छत्री घेऊन जा म्हणून आई सांगायली.' आता उदगीरकरांनी सांगावं.

आपला,
एक बी-बियाणंवाला वाचक,
देगलूर, जि. नांदेड

ता. क. पत्र छापलंत तर कृपा करून 'करायले' चं 'करीत आहे' करू नका, मागच्या वेळी खताच्या लिंकिंगवर (एका मालासोबत दुसरा गळ्यात मारतात त्यावर) लिहिलं होतं त्यात तुमच्या डेस्कनं 'पोते मोजायलेत' चं 'पोती मोजली जात आहेत' केलं होतं आणि गल्लीत कुणालाच पटेना की ते पत्र माझं आहे.